तांब्या पोटाशीच का चेपला?

पुण्याहून सनीव्हेलला येताना बॅगेत कपड्यांच्या घडीत एखादा तांब्या तुम्हीही आणला असेल. आमचा पोहोचला तो पोटाशी चेपून. गळा मात्र जसाच्या तसा! बॅगा आपटणाऱ्यांना नावं ठेवून झाल्यावर तो जरा उजेडात तिरका धरला, तर बाहेरच्या अंगाला एकाखाली एक बारीक वर्तुळं दिसली. म्हणजे तो लेथवर घडवलेला होता.

या पद्धतीत गोल पत्रा साच्याला दाबून धरतात, दोन्ही गरगर फिरवतात आणि रोलरने पत्रा साच्यावर बसवत नेतात. पत्रा कुठे किती पातळ होणार, हे बरंचसं रोलरच्या वाटेवर ठरतं.

समजा, १ मिलिमीटर पत्र्याचं नरसाळं एकाच फेरीत करायचंय. रोलर साच्यालगत सरळ गेला की काठाचा व्यास तेवढाच राहतो. उंची मिळते ती जाडी खर्चून. मूळ जाडीला शंकूच्या अर्ध्या कोनाच्या साइनने गुणा: ४५ अंशांना सुमारे ०.७१ मिलिमीटर, ३० अंशांना थेट निम्मी. इथे कारागिराचं कसबही चालत नाही, कारण ही निव्वळ भूमिती आहे.

दुसरी वाट सबुरीची. रोलर अनेक फेऱ्यांत पत्रा थोडा थोडा वाकवतो. काठ आत येतो, परीघ आटतो आणि जाडी बरीचशी टिकते. पण धातूची गर्दी झाली, की काठाला निऱ्यांसारख्या सुरकुत्या पडतात. काठाकडे जाणारी फेरी पत्रा ताणते, तर काठाकडून परतणारी फेरी धातू पुन्हा आत ढकलते. रोलर सावकाश सरकवला तर भांडं गुळगुळीत होतं, पण पत्रा जास्त पातळ होतो. घाईने सरकवला तर जाडी राहते, वर्तुळं ठळक उमटतात आणि सुरकुत्यांचा धोका वाढतो. गिऱ्हाईक चकाकी बघून घेतं, हीच गोची!

आता तांब्या बघा. गळा घडताना परीघ आकसतो, म्हणून तिथे पत्रा जाड होतो. शिवाय अरुंद नळी मुळातच ताठ. पोटाच्या वाट्याला हे काहीच येत नाही. तेव्हा एल कमिनोवरच्या दुकानात तांब्या नुसता हातात तोलू नका, कारण वजन गळ्यातही असू शकतं. पोटावर अंगठा दाबून पाहा.

आमचा तांब्या पुढच्या खेपेला कसबा पेठेतल्या तांबट आळीत न्यायचाय. तिथले मठारकामाचे ठोके धातूला कठीण करतात. पोक काढताना पोटावर तेवढे ठोके मारून घेईन म्हणते.