समुद्रपुष्पाचा गृहप्रवेश

घरातील मत्स्यालय आता गप्पी, मॉली आणि गोल्डफिश यांच्यापुरते मर्यादित राहिलेले नाही. खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्या हौशी मंडळींची संख्या शहरांतून वाढली असून, त्यांतील अनेकांचे स्वप्न एकच असते. डोलणाऱ्या समुद्रपुष्पाच्या कुशीत नारिंगी-पांढरा क्लाऊनफिश विसावलेला पाहणे. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने हे दृश्य घरोघरी पोहोचविले. मात्र दुकानातून आणलेले समुद्रपुष्प अनेकदा काही आठवड्यांतच मरते आणि जाताना टाकीतील इतर जिवांनाही सोबत नेते. यामागे दुर्दैवापेक्षा घाई आणि अज्ञान अधिक असते. या जिवाची प्रकृती समजून घेतली, तर त्याचे पहिले काही आठवडे सुखरूप पार पाडणे अशक्य नाही.

फूल नव्हे, प्राणी

नावात पुष्प असले, तरी ही वनस्पती नाही. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्याशी नाते सांगणारा हा मांसाहारी प्राणी आहे. नळकांड्यासारखे शरीर, वरच्या टोकाला तोंड, तोंडाभोवती लवचीक बाहूंचे कडे आणि खालच्या टोकाला खडकाला चिकटणारा पाय, अशी त्याची साधी रचना असते. बाहूंवरील सूक्ष्म दंशकोशिका भक्ष्याला विषारी डंख मारून लुळे करतात. समुद्रपुष्पांच्या एक हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी अवघ्या दहा जाती क्लाऊनफिशला आश्रय देतात. घरगुती टाकीत तुलनेने तग धरणारी जात म्हणजे ‘बबल टिप’. तिच्या बाहूंची टोके अनेकदा फुगीर असतात, म्हणून हे नाव.

या आश्रयदात्या जातींच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशाच्या साह्याने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. त्यामुळे अशा समुद्रपुष्पाला प्रकाश हा शोभेसाठी नव्हे, तर पोटासाठी लागतो. शरीराचा तपकिरी वा हिरवट रंग बव्हंशी या शैवालाची साक्ष देतो. म्हणूनच दुकानातील शुभ्र पांढरे समुद्रपुष्प कितीही मोहक दिसले, तरी ते बहुधा शैवाल गमावलेले, उपासमारीच्या वाटेवरचे जीव असते. भडक पिवळे वा जांभळे दिसणारे काही नमुने तर चक्क रंगवलेले असतात. खरेदी करताना तोंड घट्ट मिटलेले आहे ना, बाहू चिकट आहेत ना आणि पायाला जखम नाही ना, या तीन गोष्टी पाहाव्यात. पायाला जखम झालेले समुद्रपुष्प क्वचितच सावरते.

आधी घर, मग पाहुणा

नव्या टाकीत समुद्रपुष्प सोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू टाकीत स्थिरावण्यास काही आठवडे लागतात, तर पाण्याचे सर्व गुणधर्म स्थिर होण्यास त्याहून बराच अधिक काळ. त्यामुळे टाकी किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर, सुरळीत चालल्यावरच समुद्रपुष्पाचा विचार करावा, असा जाणकारांचा सल्ला असतो.

पाण्याची घनता १.०२५ ते १.०२६, तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस आणि सामू ८.१ ते ८.४ असावा. अमोनिया व नायट्राइट शून्य हवेत आणि नायट्रेट अल्प. या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचे आहे ते त्यांचे स्थैर्य. पाण्याची वाफ होते, पण मीठ टाकीतच राहते आणि खारटपणा वाढत जातो. म्हणून कमी झालेले पाणी भरताना खारे नव्हे, तर आरओचे शुद्ध गोडे पाणी रोज थोडे थोडे घालावे. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी सहज तीस अंशांवर जाऊ शकते. तेथे चिलर, निदान पृष्ठभागावर वारा सोडणारा पंखा आवश्यक ठरतो. वीज गेल्यास पाण्याचा प्रवाह आणि प्राणवायू दोन्ही थांबतात. तेव्हा निदान एक पंप इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर चालेल, अशी सोय असावी. टाकीत कधी तांबेयुक्त औषध वापरले असल्यास समुद्रपुष्प आणूच नये. माशांच्या रोगावरचे हे औषध त्याच्यासाठी विष आहे.

पहिला दिवस

पाहुणा घरी येण्यापूर्वीच प्रवाह निर्माण करणाऱ्या पॉवरहेडच्या जाळ्यांवर स्पंज किंवा बारीक जाळी बसवावी. भटकणारे समुद्रपुष्प पंपात ओढले जाऊन त्याच्या चिंधड्या होणे, हे घरगुती टाक्यांतील मृत्यूचे नेहमीचे कारण आहे.

पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली की तापमान जुळते. त्यानंतर समुद्रपुष्प पिशवीतील पाण्यासह स्वच्छ भांड्यात घेऊन बारीक नळीने टाकीचे पाणी थेंबथेंब सोडावे आणि दोन्हींची घनता सारखी होऊ द्यावी. यास साधारण तासभर लागतो. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. साबणाचा अंश नसलेल्या हातांत हातमोजे घालून समुद्रपुष्प अलगद उचलावे. पिशवीला चिकटले असल्यास ओढू नये, पायाच्या कडेखाली बोट हळूहळू सरकवून ते सोडवावे.

बबल टिपला खडकातील खोबण आवडते. पाय आत लपवता यावा आणि बाहू प्रकाशात पसरता यावेत, अशी जागा तिला हवी असते. वाळूत पाय रोवणाऱ्या जातींना खोल वाळू लागते. योग्य खोबणीत ठेवून जवळचे पंप तासभर मंद केले, की पाय चिकटण्यास अवधी मिळतो. दिवे त्या दिवशी मंदच असावेत.

चालणारे फूल

दुसऱ्या दिवशी समुद्रपुष्प ठेवल्या जागी नसेल, तर घाबरू नये. ते पायावर सरकत जाऊन प्रकाश आणि प्रवाह यांचा मेळ बसेल अशी जागा स्वतः शोधते. मालकाने ते उचलून ‘शोभेल तिथे’ पुन्हा ठेवणे म्हणजे प्रत्येक वेळी नवा ताण देणे. हलवायचेच झाले, तर वाटेतील प्रवाळ हलवावेत, कारण स्पर्श होताच समुद्रपुष्प त्यांना डंख मारते.

पहिल्या दिवसांत ते अधूनमधून आक्रसून छोट्या गोळ्यासारखे होते, तोंडातून तपकिरी तंतुमय मळ टाकते आणि काही तासांनी पुन्हा फुलते. आतले पाणी बदलण्याची ही त्याची स्वाभाविक क्रिया आहे. काळजीची लक्षणे वेगळी आहेत. तोंड दीर्घकाळ सैल उघडे राहणे, आतील भाग बाहेर लोंबणे, पाय कशालाही न चिकटणे आणि शरीर विरघळू लागणे. अशा वेळी वास घेऊन पाहावा. कुजका दर्प आला तर ते मृत आहे, आणि ते तत्काळ बाहेर काढलेच पाहिजे. सडणाऱ्या शरीरातून सुटणारा अमोनिया एका रात्रीत संपूर्ण टाकी उद्ध्वस्त करू शकतो. त्यानंतर पाणी मोठ्या प्रमाणात बदलावे आणि ताजा सक्रिय कोळसा घालावा.

प्रकाश, अन्न आणि सोबती

प्रवासात अंधार सोसलेल्या जिवावर एकदम प्रखर एलईडी सोडल्यास आतील शैवालाला इजा होऊ शकते. म्हणून कमी तीव्रतेपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत प्रकाश पूर्ण करावा. घाईने अन्न देणेही टाळावे. पाय स्थिरावून बाहू चिकट झाले की, आठवडाभराने नखाएवढा कोळंबीचा तुकडा बाहूंवर ठेवून पाहावा. त्याने तो गिळला आणि परत टाकला नाही, तर आठवड्यातून एक-दोनदा असा घास पुरे. मोठा तुकडा पचत नाही, उलट पाणी नासवतो.

क्लाऊनफिश आणण्याची घाई तर मुळीच नको. दुबळ्या समुद्रपुष्पात शिरून सतत अंग घासणारा मासा त्याला फुलूच देत नाही. यजमान महिना-दोन महिने सुदृढ दिसल्यावरच जोडीदार आणावा. टाकीतल्या क्लाऊनफिशला समुद्रपुष्पावाचून जगता येते, हेही ध्यानात ठेवावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे. पैदास केंद्रातील मासा आणि टाकीतच विभाजनाने वाढलेली बबल टिप निवडल्यास प्रवाळबेटांवरचा भार हलका होतो. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे सजावटीसाठी समुद्रातील प्रवाळखडक घेण्याचा मोह टाळून कृत्रिम खडक वापरणे श्रेयस्कर.

दीर्घायुषी पाहुणा

हा जीव नाजूक असला, तरी अल्पायुषी नाही. स्कॉटलंडचे निसर्गशास्त्रज्ञ सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगले. ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी, हे त्याचे लाडके नाव. आपल्या मालकाच्या निधनानंतरही ते साडेतीन दशके जगले. ती जात थंड समुद्रातली, शैवालावर न विसंबणारी होती. पण तिला मिळालेली गोष्ट प्रत्येक समुद्रपुष्पाला हवी असते, ती म्हणजे नियमित मिळणारे स्वच्छ पाणी.

तेव्हा समुद्रपुष्प विकत घेताना त्याची किंमत परवडते का, यापेक्षा त्याची वर्षानुवर्षे निगा राखणे जमेल का, हा प्रश्न आधी विचारावा. उत्तराबद्दल शंका असेल, तर ओहोटीच्या वेळी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवरील डबक्यांत फुललेली समुद्रपुष्पे पाहून यावीत. हात न लावता पाहिली, तर तो आनंदही काही कमी नाही.