राष्ट्रपतिपदाची निवडणूक, १९६९

भारताच्या राष्ट्रपतिपदाची १९६९ ची निवडणूक १६ ऑगस्ट १९६९ रोजी झाली. सत्तारूढ काँग्रेस पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांचा अपक्ष उमेदवार व्ही. व्ही. गिरी यांनी पराभव केला. तिसरे प्रमुख उमेदवार महाराष्ट्राचे चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख हे होते. पहिल्या पसंतीच्या मतांवर निर्णय न होता दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागल्यामुळे आणि निकालानंतर तीन महिन्यांत काँग्रेस दुभंगल्यामुळे ही निवडणूक भारतीय प्रजासत्ताकाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

पार्श्वभूमी

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती होत. उपराष्ट्रपती गिरी यांनी हंगामी कार्यभार स्वीकारला. परंतु निवडणूक लढविण्यासाठी २० जुलै रोजी त्यांनी दोन्ही जबाबदाऱ्यांचा राजीनामा दिला. त्यानंतर सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी हंगामी राष्ट्रपती म्हणून काम पाहिले.

या काळात काँग्रेसमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी आणि ‘सिंडिकेट’ या नावाने ओळखला जाणारा ज्येष्ठ नेत्यांचा गट यांच्यात सत्तासंघर्ष सुरू होता. पक्षाध्यक्ष एस. निजलिंगप्पा, के. कामराज आणि मुंबईचे स. का. पाटील हे या गटातील प्रमुख नेते होते. सरकारवर पक्षसंघटनेचा अंकुश असावा की पंतप्रधानांनी स्वतंत्रपणे निर्णय घ्यावेत, हा वादाचा गाभा होता.

उमेदवारांची निवड

जुलै १९६९ मध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले. परंतु मंडळाने बहुमताने लोकसभेचे अध्यक्ष रेड्डी यांची निवड केली. तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीही रेड्डी यांच्या बाजूने मत दिले. यानंतर इंदिरा गांधींनी मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेतले आणि १९ जुलै रोजी वटहुकुमाद्वारे १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले.

गिरी यांना साम्यवादी पक्ष, द्रविड मुन्नेत्र कळघम व अकाली दल यांचा पाठिंबा मिळाला. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी देशमुख यांना पुढे केले. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते येथे जन्मलेले देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या केंद्राच्या निर्णयाच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.

पक्षादेश व सदसद्विवेकबुद्धी

रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर खुद्द इंदिरा गांधींची सही होती. मात्र दुसऱ्या पसंतीची मते रेड्डी यांना मिळावीत म्हणून निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली. त्यावर बोट ठेवून पंतप्रधानांच्या गटाने रेड्डी यांच्यासाठी पक्षादेश काढण्यास नकार दिला आणि खासदार-आमदारांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करावे, अशी भूमिका घेतली. एका बाजूला हा पक्षशिस्तीचा भंग वाटला, तर दुसऱ्या बाजूला तो गुप्त मतदानाच्या हेतूशी सुसंगत वाटला.

मतमोजणी व निकाल

राष्ट्रपतीची निवड संसदेचे व राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते. १९६९ मध्ये एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक कोटा कोणालाच मिळाला नाही, तर सर्वांत कमी मते असलेल्या उमेदवाराला बाद करून त्याची मते पुढील पसंतीनुसार वाटली जातात.

या निवडणुकीत १५ उमेदवार होते. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७ आणि कोटा ४,१८,१६९ होता. पहिल्या पसंतीची मते पुढीलप्रमाणे होती:

व्ही. व्ही. गिरी – ४,०१,५१५
नीलम संजीव रेड्डी – ३,१३,५४८
चिं. द्वा. देशमुख – १,१२,७६९
इतर सर्व – ८,५०५

‘इतरां’मध्ये महाराष्ट्रातील दलित नेते पां. ना. राजभोज यांचाही समावेश होता. पाच उमेदवारांना एकही मत मिळाले नाही.

गिरी पहिल्या फेरीत ८७,९६७ मतांनी पुढे होते. तरी कोट्यासाठी त्यांना १६,६५४ मते कमी पडत होती. बाद उमेदवारांच्या मतांपैकी ९१,८७९ रेड्डी यांना, तर केवळ १८,५६२ गिरी यांना मिळाली. उरलेल्या १०,८३३ मतांवर पुढील उपयुक्त पसंती नव्हती. अंतिम फेरीत गिरी यांना ४,२०,०७७ आणि रेड्डी यांना ४,०५,४२७ मते मिळाली. १४,६५० मतांचा हा फरक सुमारे २५ खासदारांच्या मतांएवढा होता. म्हणजेच १३ खासदारांनी गिरी यांच्याऐवजी रेड्डी यांना पसंती दिली असती, तर निकाल उलटला असता. वाटणीतील बहुतांश मते मिळूनही रेड्डी यांना पहिल्या फेरीतील पिछाडी भरून काढता आली नाही. गिरी यांनी २४ ऑगस्ट रोजी पदाची शपथ घेतली.

न्यायालयीन आव्हान

रेड्डी यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविणारे निनावी पत्रक संसद सदस्यांमध्ये वाटल्याचा आक्षेप घेऊन निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. राष्ट्रपती गिरी यांनी स्वतः उपस्थित राहून साक्ष दिली. न्यायालयाने १९७० मध्ये याचिका फेटाळल्या.

परिणाम

नोव्हेंबर १९६९ मध्ये निजलिंगप्पा यांच्या गटाने इंदिरा गांधींना पक्षातून काढले आणि काँग्रेसचे दोन पक्ष झाले. बंगळूरला रेड्डी यांना मत देणारे यशवंतराव चव्हाण फुटीनंतर इंदिरा गांधींसोबत राहिले. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. उमेदवारांची वाढती संख्या व निवडणूक याचिका यांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दहा सूचक, दहा अनुमोदक व अनामत रक्कम यांची अट घालण्यात आली. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.

पक्षीय चुरशीमुळे निवडणुकीचे नियम बदलल्याचे उदाहरण अमेरिकेतही आढळते. तेथे १८०० च्या निवडणुकीत एकाच पक्षाच्या थॉमस जेफरसन व एरन बर यांना प्रत्येकी ७३ मते मिळाली. प्रतिनिधिगृहाने ३६ व्या फेरीत जेफरसन यांची निवड केली आणि १८०४ मध्ये घटनादुरुस्ती होऊन अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यासाठी स्वतंत्र मतदान सुरू झाले.