माणिक, स्पार्क प्लग आणि खिडकीची काच

अंधेरी वा घाटकोपर स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षाच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो. त्याचा पांढराशुभ्र भाग चिनी मातीचा भासतो. प्रत्यक्षात तो मुख्यतः अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, या अभियांत्रिकी सिरॅमिकचा असतो. खिडकीच्या साध्या काचेशी त्याची तुलना केली असता पदार्थाचे गुण कोठून येतात, हे स्पष्ट होते.

वाळू, सोडा व चुनखडी सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळवून काच बनते. थंड होताना तिच्यातील अणूंना नियमबद्ध रचना साधत नाही. अ‍ॅल्युमिनाची बारीक पूड मात्र साच्यात दाबून, न वितळवता, सुमारे १,६०० अंशांना भाजतात. तेव्हा असंख्य सूक्ष्म स्फटिक एकमेकांना घट्ट जखडले जातात.

परिणाम मोजता येतात. कठीणपणाच्या मोह्ज मापनात हिरा १०, अ‍ॅल्युमिना ९, तर काच सुमारे साडेपाच. अ‍ॅल्युमिनाचा ताठपणा काचेच्या जवळजवळ पाचपट. काच सुमारे ७०० अंशांना मऊ पडते. अ‍ॅल्युमिना २,००० अंशांच्याही पुढे वितळतो. थंड असताना दोन्ही पदार्थ विजेला अडवतात. पण तापलेल्या काचेतील सोडियमचे आयन हलू लागतात आणि वीज वाहते. म्हणून स्पार्क प्लगला काच चालत नाही. उलट, अ‍ॅल्युमिनातील स्फटिकांच्या सीमा व सूक्ष्म छिद्रे प्रकाश विखुरतात. म्हणून खिडकीला तो निरुपयोगी. आपटल्यास दोन्ही धातूसारखे वाकत नाहीत, तडकतात. तेव्हा श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच गैरलागू. कोणत्या कामास कोण योग्य, एवढेच विचारावे.

याच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकात क्रोमियमचा अल्पांश आला की माणिक होते; लोह व टायटॅनियम आले की नीलम. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नय यांनी १९०२ मध्ये माणिक भट्टीत घडवण्याची पद्धत जाहीर केली. रिक्षाच्या इंजिनात राबणारा पदार्थ आणि शनीच्या भयाने बोटात घातलेला नीलम मूलतः एकच आहेत. त्या अंगठीपायी मुलांच्या शिक्षणाचा पैसा खर्चणारी कुटुंबे आजही दिसतात.

संविधानाच्या अनुच्छेद ५१ क नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. पदार्थाचे गुण त्याच्या घटकांत, रचनेत आणि घडवण्याच्या रीतीत असतात, ग्रहांत नव्हे. वसतिगृहातून बाहेर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एवढी गोष्ट आपल्या घरी समजावून सांगितली, तरी धम्मातील प्रज्ञेचा अर्थ त्या घराला कळू लागेल.