समजून घ्या : सुताराच्या टेबल कटरवरचा ‘सरकता पाट’, काटकोन कसा साधतो, बोटे कशी वाचतात?

बीड, गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई... जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात सुतारकामाच्या दुकानात आता वाकस आणि हातकरवतीपेक्षा विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीचा आवाज जास्त ऐकू येतो. पूर्वी तिफण, वखर आणि गाडीचे जू करणारे हात आज दारे, कपाटे, देवघरे, पलंग करतात. यंत्र आले, काम वेगाने होऊ लागले. पण यंत्राबरोबर मिळायला हवीत ती सुरक्षेची साधने बहुतेक छोट्या दुकानांत आलीच नाहीत. त्यातले एक साधन दुकानात उरलेल्या प्लायच्या तुकड्यांतून एका दिवसात तयार होते. इंग्रजीत त्याला ‘क्रॉसकट स्लेड’ म्हणतात, साध्या मराठीत सरकता पाट. तो काय असतो, कसा करायचा आणि त्याने नेमके काय वाचते, ते पाहू.

आडवा काप इतका धोक्याचा का?

लाकूड दोन प्रकारे कापले जाते. रेषांच्या दिशेने फळी चिरणे म्हणजे उभा काप आणि रेषा तोडत लांबी कमी करणे म्हणजे आडवा काप. उभ्या कापात फळीची लांब कड गाईड पट्टीला टेकलेली असते, त्यामुळे ती सहसा सरळ चालते. आडव्या कापात उलटे होते. अरुंद टोक गाईडला टेकवून लांब फळी हाताने ढकलायला गेले की ती किंचित फिरते. फिरली की पात्याच्या मागच्या बाजूचे दात तिला पकडतात. हे दात खालून वर आणि तिथून कारागिराच्या दिशेने येत असतात. क्षणार्धात लाकूड उसळून अंगावर येते आणि त्याला धरलेला हात पात्याकडे ओढला जातो.

वेगाचे गणित पाहिले की ‘क्षणार्धात’ याचा अर्थ कळतो. १० इंची पाते मिनिटाला ४ हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर होतो. फरशी कापायचा चार इंची मार्बल कटर प्लायखाली उलटा बसवून केलेले टेबल अनेक ठिकाणी दिसते. त्याचा वेग मिनिटाला १२ हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. पाते लहान असले, तरी दातांचा वेग ताशी साधारण २५० किलोमीटर भरतो. माणसाला हात मागे घ्यायला लागणारा वेळ या वेगापुढे काहीच नाही. म्हणून ‘मी सावध असतो’ हे उत्तर पुरत नाही. हात पात्याजवळ जाऊच नये, अशी रचना लागते.

सरकता पाट म्हणजे काय?

प्लायचा एक सपाट पाट, त्याच्या खाली टेबलाच्या खाचांत बसणाऱ्या दोन सरकपट्ट्या आणि वर पुढे-मागे दोन उभ्या आधारपट्ट्या, इतकाच हा प्रकार. लाकूड कारागिराच्या बाजूच्या आधारपट्टीला टेकवून धरायचे आणि पूर्ण पाट पुढे सरकवायचा. लाकूड पाटावर स्थिर राहते, पाट चालतो. लाकूड फिरत नाही, म्हणून उसळत नाही आणि आधारपट्टी पात्याशी काटकोनात असल्याने प्रत्येक काप काटकोनातच पडतो.

ही कल्पना नवी नाही. लाकूड हाताने ढकलण्याऐवजी टेबलच सरकवणारे यंत्र जर्मनीच्या विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी १९०६ मध्ये आणले. आज फर्निचरच्या कारखान्यांत दिसणारे ‘पॅनेल सॉ’ त्याचेच वंशज. ते यंत्र मोठे, महाग आणि बरीच जागा खाणारे. सरकता पाट हे त्याचे घरगुती रूप.

काटकोन अर्धा अंश चुकला तर काय बिघडते?

दोन फूट रुंद फळी कापताना कोन फक्त अर्धा अंश चुकला, तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाच मिलिमीटरचा फरक पडतो. कपाटाच्या चार फळ्यांत हा फरक साठत जातो. मग दार बसत नाही, ड्रॉवर अडकतो, सांध्यात लांबी भरावी लागते. गिऱ्हाइकाला दिसते ती लांबी. कारण असते वाकडा काप.

तयारी : आधी टेबल तपासा

पाट करण्यापूर्वी पाते टेबलाच्या खाचेला समांतर आहे का, हे पाहावे लागते. यंत्राची वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून, पात्याच्या एका दातावर खूण करावी. तो दात पुढच्या बाजूला आणून खाचेपासूनचे अंतर मोजावे. मग पाते हाताने फिरवून तोच दात मागच्या बाजूला न्यावा आणि पुन्हा मोजावे. दोन्ही मापे सारखी हवीत. इथे फरक असेल, तर वर कितीही चांगला पाट केला तरी काप जळका आणि खडबडीतच येणार.

रंधा आणि गोल करवत एकाच दांड्यावर असलेल्या मशीनच्या टेबलाला बऱ्याचदा खाच नसते. तिथे पाटाच्या खाली टेबलाच्या दोन्ही बाहेरच्या कडांना घासून चालणाऱ्या पट्ट्या लावता येतात. मात्र त्या कडा सरळ आणि पात्याला समांतर आहेत, याची खात्री हवी.

आणखी एक हिशेब आधीच करावा. पाटाची जाडी कापाच्या खोलीतून वजा होते. सात इंची हँड सर्क्युलर सॉ साधारण ६५ मिलिमीटर खोल कापतो. तो १८ मिलिमीटरच्या प्लायखाली उलटा बसवला आणि वर १२ मिलिमीटरचा पाट आला, तर हातात ३५ मिलिमीटर उरतात. फळ्या, पट्ट्या आणि प्लायसाठी ते पुरेसे आहे. दाराच्या चौकटीच्या जाड लाकडासाठी नाही. चार इंची मार्बल कटरची खोलीच ३०-३५ मिलिमीटर असते. टेबल आणि पाट वजा जाता तिथे फारसे काही उरत नाही.

पाट कसा करायचा?

१. तळ : १२ मिलिमीटर जाडीची, अजिबात न वाकलेली प्लाय किंवा एमडीएफ घ्यावी. साधारण दोन फूट बाय दोन फूट आकार बहुतेक कामांना चालतो. पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली उजेड दिसतो का, हे पाहिले की बाक कळतो.

२. सरकपट्ट्या : चांगले वाळलेले सागवान किंवा बाभूळ चालते. मराठवाड्यात उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत आणि पावसाळ्यात दमट. लाकूड रुंदीत फुगते-आकसते, म्हणून मे महिन्यात सहज चालणारा पाट ऑगस्टमध्ये अडकू शकतो. हा त्रास टाळायचा तर स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे मिळणारी अॅल्युमिनियमची सपाट पट्टी उत्तम. पट्टी खाचेत न अडकता सरकावी, पण डावी-उजवी हलू नये. तिची उंची खाचेच्या खोलीपेक्षा किंचित कमी हवी.

३. जोडणी : खाचेत आधी नाणी किंवा पुठ्ठ्याचे तुकडे टाकून त्यांवर पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे त्या टेबलाच्या पातळीपेक्षा जराशा वर येतात. त्यांवर चटकन चिकटणारा डिंक लावून तळ बसवावा, वर वजन ठेवावे. चिकटल्यावर पाट उचलून खालून स्क्रू मारावेत. आधी बारीक भोक न पाडता स्क्रू मारला, तर लाकडी पट्टी फुगते आणि खाचेत अडकते. शेवटी पट्ट्यांना मेणबत्तीचे मेण घासावे. तेल लावू नये. त्यावर भुसा चिकटून बसतो.

४. आधारपट्ट्या : १८ मिलिमीटरच्या दोन प्लाय एकमेकींना चिकटवून तीन-चार इंच उंच पट्टी करावी. कारागिराच्या बाजूची पट्टी तंतोतंत सरळ हवी. समोरच्या पट्टीचे काम फक्त पाट दुभंगू न देण्याचे, त्यामुळे तिचा कोन महत्त्वाचा नाही. स्क्रू मारताना पात्याची वाट सोडावी.

५. पहिला काप : समोरची पट्टी पक्की करावी, आपल्या बाजूची पट्टी एका टोकाला एक स्क्रू आणि दुसऱ्या टोकाला शिकंजा लावून तात्पुरती धरावी. मग पाट सरकवत मधोमध फट पाडावी.

‘पाच काप’ची कसोटी

गुण्या लावून पाहिला तर कोन बरोबर वाटतो. पण बाजारातला गुण्याच किंचित चुकलेला असेल तर? त्यावर जगभरचे सुतार एक सोपी युक्ती वापरतात. साधारण एक फूट चौरस प्लायचा तुकडा घ्यावा. एक बाजू कापावी, नुकतीच कापलेली बाजू आधारपट्टीला लावून पुढची कापावी. असे चारही बाजूंना करावे. पाचव्या वेळी पहिल्या बाजूवरून पुन्हा साधारण इंचभर रुंद पट्टी काढावी. या पट्टीच्या दोन्ही टोकांची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. कोनातली चूक प्रत्येक कापात साठत गेल्याने इथे ती चौपट होऊन दिसते.

समजा, ३०० मिलिमीटर लांब पट्टीची टोके २४.८ आणि २४.० मिलिमीटर भरली. फरक ०.८. त्याला चारने भागले की ०.२. म्हणजे ३०० मिलिमीटरला ०.२ मिलिमीटरची चूक. आधारपट्टीच्या पक्क्या स्क्रूपासून शिकंज्यापर्यंतचे अंतर ६०० मिलिमीटर असेल, तर ते टोक ०.४ मिलिमीटर सरकवायचे. इतके बारीक अंतर डोळ्यांनी साधत नाही. त्यासाठी मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात तो फिलर गेज कामी येतो. पट्टीमागे एक ठोकळा टेकवून पक्का करावा, मधे ०.४ मिलिमीटरची पाती ठेवावी आणि त्यानुसार पट्टी सरकवावी. पुन्हा पाच काप घ्यावेत. फरक वाढला तर दिशा चुकली, उलटीकडे सरकवावे. जमले की पट्टी कायमच्या स्क्रूंनी बसवावी.

सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट

पाट पुढे ढकलताना कापाच्या शेवटी पाते आधारपट्टीतून आरपार कारागिराच्या बाजूला बाहेर येते. नेमके तिथेच अंगठा ठेवायची सवय असते. म्हणून पट्टीच्या मागे, फटीच्या जागी तीन-चार इंच जाड लाकडी ठोकळा चिकटवावा, म्हणजे पाते त्याच्या आतच राहते. तो ठोकळा लाल रंगवावा. टेबलाखाली अडसर लावून पाट ठरावीक जागेपुढे जाणारच नाही, असेही करावे. वरून पात्याच्या वाटेवर जाड पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी टाकली, तर भुसा आणि उडणाऱ्या कपच्याही अडतात.

वापरताना काही नियम पाळावेत. पाते लाकडाच्या वर दोन-चार मिलिमीटरच ठेवावे. लहान तुकडा बोटांनी न धरता शिकंज्याने दाबावा. कापलेला तुकडा पाते थांबेपर्यंत उचलू नये. हातमोजे, सैल बाह्या, गळ्यातला गमछा हे सारे फिरत्या पात्याजवळ घातक. पाटावर उभा काप घेऊ नये. त्याला गाईड पट्टी आणि ढकलकाठीच हवी.

वीज गेली आणि आली तर?

ग्रामीण भागात हा प्रश्न टाळता येत नाही. काप चालू असताना वीज जाते, कारागीर लाकूड काढायला हात घालतो आणि वीज परत येते. साध्या बटनावर चालणारे यंत्र त्याच क्षणी सुरू होते. याचे उत्तर शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे : विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. त्यातली कॉइल वीज जाताच सुटते आणि हिरवे बटन पुन्हा दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. करवतीच्या मोटारीला योग्य क्षमतेचा असा स्टार्टर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. शेतपंपाला जोडतात तो ‘ऑटो स्विच’ मात्र इथे चुकूनही जोडू नये; तो नेमके हेच संरक्षण काढून टाकतो.

कायदा काय सांगतो?

यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण हवे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम २१ सांगत असे. पण विजेवर चालणाऱ्या जागेत किमान १० कामगार असले, तरच त्या कायद्याने तो ‘कारखाना’ ठरत असे. नव्या कामगार संहितेत ही संख्या २० आहे. दोन-तीन जणांचे दुकान दोन्हीच्या बाहेर राहते.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास ३० टक्के आणि पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के कमाईची क्षमता गेली, असे धरले होते. तीही भरपाई मजुराला मालकाकडून मिळते. स्वतःच मालक आणि स्वतःच कारागीर असलेल्या सुताराने ती मागायची कोणाकडे?

मदतीचा एक मार्ग आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे.

अपघात झालाच तर?

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा आणि १०८ वर फोन करावा. बोट तुटून वेगळे झाले असेल, तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. पेशी खराब होतात. हळद, चुना, कॉफी भरू नये. बोट पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया सगळीकडे होत नाही. त्यामुळे जवळच्या रुग्णालयात रक्तस्राव थांबवून घेतानाच पुढे कुठे न्यायचे, हे डॉक्टरांना विचारावे. बीड जिल्ह्यातून मोठ्या शहरापर्यंतचे अंतर तासांत मोजावे लागते. पाट करायला लागणारा दिवस त्या तासांपेक्षा स्वस्त पडतो.