ताणाच्या दिवसांत हाताला कला हवी

आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या बोलण्यात हल्ली एक तक्रार वारंवार येते: झोप लागत नाही. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. परीक्षेची तारीख पुन्हा पुढे गेलेली असते. वसतिगृहात आडनाव कळल्यावर कुणाची तरी वागणूक बदललेली असते. घरचे नोकरीचे विचारत असतात. त्यात रात्री मोबाईल उघडला की कुठल्या तरी गावातल्या अत्याचाराचा व्हिडिओ समोर येतो. निवेदन दिले, मोर्चाला गेलो, पोस्ट लिहिली, तरी छातीवरचे ओझे तसेच राहते.

हे ओझे हलके करण्याचा एक बिनखर्चाचा मार्ग आपल्याच घरांत होता: आपल्या हाताने, आपल्या आवाजाने काहीतरी घडवणे. चळवळीत कलेला मान मोठा आहे. जलसे, शाहिरी आणि भीमगीतांनी वस्त्यावस्त्यांत विचार पोहोचवला. पण त्यातून एक समजही पक्का झाला की कला म्हणजे स्टेजवरची, प्रबोधनाची, आवाज चांगला असणाऱ्यांची. बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. एकट्या माणसाला सावरण्याचे कलेचे काम त्यात मागे पडले.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या आपल्या बायांनी ते काम कसे केले, याची नोंद आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हा संग्रह आता ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतो. त्यात माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धावर रचलेल्या ओव्या आहेत. पहाटेच्या अंधारात दळायला बसलेल्या बाईसमोर श्रोता कोण? फार तर सोबत दळणारी शेजारीण. टाळी नाही, मानधन नाही. सासरचा जाच, माहेरची आठवण आणि भीमरायाचा अभिमान हे सगळे एकाच लयीत बाहेर यायचे आणि दळणही व्हायचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बायांना कुणी कलाकार म्हटले नव्हते. त्यांनाही त्याची गरज वाटली नसावी.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. मधुमेहाने शरीर पोखरलेले, 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा, 1952 च्या लोकसभा निवडणुकीत पराभव, लिहायचे ग्रंथ बाकी. अशा उत्तरायुष्यात हा माणूस व्हायोलिन शिकत होता. चित्रकलेचीही त्यांना ओढ होती. त्यांचे व्हायोलिन पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या सिम्बायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात आहे. आपण त्यांचे अठरा-अठरा तास वाचन मुलांना सांगतो, हे व्हायोलिन मात्र सांगायचे राहून जाते.

काही उपासक इथे विचारतील की धम्मात नाच-गाणे वर्ज्य नाही का? अष्टशीलात नृत्य, गायन, वादनापासून दूर राहण्याचे शील आहे खरे, पण उपासक ते उपोसथाच्या दिवशी पाळतात. रोजच्या पंचशीलात तशी अट नाही.

आता विज्ञान काय म्हणते? अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटे रंग, माती, कागदाची चिकटकामे असे हवे ते करू दिले. आधी आणि नंतर लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजले. सुमारे 75 टक्के लोकांत ते घटले. कलेचा सराव असलेले आणि नसलेले यांच्यात विशेष फरक आढळला नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास छोटा आहे आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण ‘मला कुठे चित्र काढता येते’ ही सबब त्याने बरीच कमकुवत केली.

असे का होत असावे, हे सतिपट्ठान माहीत असणाऱ्यांना समजायला जड नाही. तिथे वेदनेकडे वेदना म्हणून पाहायला शिकवले जाते. मनात घोळणारा राग म्हणजे आपण स्वतःच, असे वाटत राहते. तोच राग कागदावर लाल रेघांत उतरला की तो समोर असतो, त्याच्याकडे बघता येते. शिवाय हात आणि डोळे कामात असले की मन त्याच त्या विचाराभोवती कमी फिरते. याला ध्यान म्हणायची घाई नको. पण ज्यांना आनापानाला बसले की दोन मिनिटांत अस्वस्थ व्हायला होते, त्यांना हाताचे काम सोपे पडू शकते.

करायचे कसे? साधी वही, बॉलपेन, स्केचपेन पुरे. आईकडून गोधडीचा टाका शिका, ढोलकी घ्या, लेणीतल्या चैत्याची कमान काढून बघा. पाऊण तास मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि केलेले लगेच स्टेटसला टाकू नका. लाईक मोजायला लागलात की तो पुन्हा परीक्षेचाच निकाल झाला.

लिहिणाऱ्यांनी एक जपावे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटे, मनावरच्या आघाताबद्दल लिहायला लावले. ज्यांनी घटनेसोबत आपल्या भावनाही मांडल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा जास्त वाईट वाटत होते. म्हणून जातीय अपमानासारख्या ताज्या जखमेवर झोपायच्या तोंडावर लिहू नका. लिहिल्यावर कुणीतरी सोबत असेल अशी वेळ निवडा. फारच असह्य झाले तर वही मिटा, विषय बदला.

अपमान करणाऱ्यावर तक्रार करायची आहे ती करायचीच. त्या जागी कविता चालत नाही. डॉक्टरच्या जागीही चालत नाही. कित्येक आठवडे झोप आणि भूक गेली असेल, जगणे नको वाटत असेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.