क्रिस्टलच्या नावाची बाटली

अमेरिकेत एबीसी वाहिनीवर १९८१ ते १९८९ या काळात ‘डायनॅस्टी’ ही मालिका चालली. डेन्व्हर शहरचा तेलसम्राट ब्लेक कॅरिंग्टन आपल्याच कंपनीतील सेक्रेटरीशी लग्न करतो, तेथून कथा सुरू होते. ही सेक्रेटरी म्हणजे क्रिस्टल, आणि तिचे काम केले लिंडा इव्हान्सने. सासरचा वाडा मोठा, पण सुख थोडे. त्यात १९८१ सालीच नवऱ्याची पहिली बायको अलेक्सिस, म्हणजे जोन कॉलिन्स, समोर येऊन ठाकली.

क्रिस्टलचे झगे नोलन मिलर शिवीत असत. ते नोकरदार बाईला कोठून परवडणार? पण १९८४ मध्ये ‘चार्ल्स ऑफ द रिट्झ’ने ‘फॉरएव्हर क्रिस्टल’ नावाचे सेंट काढले. जाहिरातीत खुद्द लिंडा इव्हान्स आणि ब्लेक झालेले जॉन फोरसिथ होते. आपल्याकडे हिना, मोगरा, वाळा ही अत्तरांची नावे वासावरून पडली. येथे नाव बाईचे, आणि तीही कधी जन्मालाच न आलेली!

अशी एक अर्धी बाटली आमच्या मावशींच्या कपाटात, नऊवारीच्या घडीखाली सापडली. मावशी तरुणपणी नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेल्या आणि निवृत्तीनंतर बेटावर परतल्या. बीबीसीवर १९८२ पासून ही मालिका दिसू लागली होती. खोक्याच्या तळाशी तिकडच्या औषधाच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून आहे. वॉर्डात सेंट लावायची सोय नव्हती, म्हणून रविवारी आणि गणेशचतुर्थीला मराठी मंडळी जमत तेव्हा त्या दोन थेंब लावीत. मावशी आता नाहीत. त्यांच्या मुलीने विचारले, “दादा, हे वापरावे की तसेच ठेवावे?”

प्रश्न सोपा नाही. बाटली जितकी रिकामी, तितकी तिच्यात हवा जास्त, आणि हवा, उजेड व उष्णता ही तिन्ही सेंटची वैरी. आपल्या दमट हवेत तर बोलायलाच नको. न्हाणीघरातील फळीवर ठेवलेली बाटली टिकत नाही. मावशींची टिकली, कारण ती खोक्यात, अंधारात होती. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास सर्वांत आधी बिघडतात. म्हणून पहिला श्वास आंबूस लागला. माझ्या भाचीने तर नाकच धरले. मी रुमाल खिडकीपाशी टाकून ठेवला. अर्ध्या तासाने त्यातून फुलांचा मऊ, थोडा साबणासारखा वास आला, आणि मावशींची मुलगी काही न बोलता आत निघून गेली.

एक गंमत सांगतो. पडद्यावर क्रिस्टलशी हाणामारी करणाऱ्या जोन कॉलिन्सने रेव्हलॉनच्या ‘स्काउंड्रल’ सेंटची जाहिरात केली होती. पुढे १९८७ मध्ये रेव्हलॉननेच ‘चार्ल्स ऑफ द रिट्झ’ विकत घेतली. दोघी सवती शेवटी एकाच घरात नांदल्या!

कोणाच्या कपाटात असे काही सापडले तर एकदम अंगावर फवारू नका. जुन्या सेंटने कातडीला खाज सुटू शकते आणि पांढऱ्या कापडावर पिवळे डाग पडतात. रुमालावर एक थेंब पुरे. मावशींच्या मुलीने बाटली पुन्हा खोक्यात ठेवली आहे. चतुर्थीच्या दिवशी ती बूच उघडणार आहे, वर्षातून तेवढे एकदाच. माझे मत विचाराल तर तिने दोनदा उघडावे.