पाव संपायच्या आत

घराची किल्ली परत दिली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. विमान रात्रीचं. भांडीकुंडी वाटून झाली होती, गॅस बंद झाला होता आणि फिलाडेल्फियातलं माझं एकच जेवण उरलं होतं.

या शहरात मी अकरा वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. आई एकटी पडली म्हणून वसईला कायमची परत निघाले होते. शेवटच्या आठवड्यात वॉर्डातला प्रत्येक जण मला एकच गोष्ट विचारत होता : जाताना काय खाऊन जाणार? आणि उत्तर सँडविचच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. प्रश्न फक्त कुठलं आणि कुणाकडचं, एवढाच.

सँडविच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवी चटणी, काकडी-टोमॅटो आणि त्रिकोणी काप येतात. फिलाडेल्फियाचं सँडविच वेगळं. हातभर लांबीचा पाव, एका बाजूनं चिरलेला पण दुसऱ्या बाजूनं जोडलेलाच ठेवलेला, आणि आत पोटभर जेवण. डॉक, कारखाने, रेल्वे यार्ड इथल्या कामगारांना दुपारी एका हातात धरून खाता यावं, यासाठी ते आहे. हे शहर राबणाऱ्यांचं होतं आणि त्याचं खाणंही त्यांचंच आहे.

त्यातलं जगप्रसिद्ध ते चीजस्टेक. १९३० साली पॅट आणि हॅरी ओलिव्हिएरी हे इटालियन वंशाचे भाऊ साउथ फिलाडेल्फियात, नाइन्थ स्ट्रीटच्या बाजारापाशी हॉट डॉग विकत. एके दिवशी त्यांनी स्वतःच्या जेवणासाठी गोमांसाचे बारीक तुकडे कांद्याबरोबर तव्यावर परतले आणि पावात भरले. एका टॅक्सीवाल्याला वास आला, त्यानं तेच मागितलं आणि धंदा बदलला, अशी ही कथा सांगतात. चीज त्यात नंतर आलं. पॅट्स आजही त्याच चौकात आहे. समोर जीनोज, १९६६ पासून. दोन्ही दुकानं तेव्हा चोवीस तास उघडी असत. रात्रपाळी संपवून पहाटे तिथल्या दिव्यांखाली उभं राहून मीही खाल्लं आहे.

तिथे मागायचीही एक रीत आहे. आधी चीज सांगायचं, मग कांदा हवा की नको. ‘विझ विट’ म्हणजे चीज विझ नावाचं पातळ पिवळं चीज, कांद्यासकट. २००३ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेल्या जॉन केरींनी इथे स्विस चीज मागितलं, त्याची बातमी देशभर झाली. पुष्कळ मराठी मंडळी गोमांस खात नाहीत. त्यांच्यासाठी बऱ्याच दुकानांत चिकनचं चीजस्टेक मिळतं. तवा वेगळा आहे का, हे मात्र विचारून घ्यावं.

वॉर्डातल्या बहुतेकांचं मत चीजस्टेकला होतं. मला ते पटेना. गरम असताना ते उत्तम लागतं, पण त्यात चीज आणि मांस इतकं पुढे येतं की पाव मागे पडतो. आणि मी पाववाल्याची मुलगी आहे.

माझे बाबा वसईत बेकरीच्या भट्टीवर होते. मध्यरात्री पीठ मळायला जायचे, पहाटे गरम पाव टोपलीत घेऊन घरी यायचे. पाव हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांच्या घरात तो भाकरीच्या शेजारी बसला. चांगला पाव हातात घेऊन दाबायचा असतो, तो कुरकुरतो का ते ऐकायचं असतं, हे मी चालायला लागल्यापासून शिकले. त्यामुळे फिलाडेल्फियात आल्यावर मला पहिल्यांदा काही आपलं वाटलं असेल, तर ते नाइन्थ स्ट्रीटवरच्या सारकोन्स बेकरीचं दार. १९१८ पासून एकाच घराण्याकडे असलेली ही बेकरी. त्यांच्या पावावर तीळ असतात, कवच तडकतं आणि आतला गर ओढला तर लांब तुटतो.

इथले लोक सांगतात, हे सगळं शहराच्या पाण्यामुळे. बाबा एकदा मला भेटायला आले होते, तेव्हा मी त्यांना तो पाव दिला. त्यांनी तो मोडला, आतली जाळी बघितली, वास घेतला आणि म्हणाले, “ह्यांनी पीठ घाईनं नाही फुगवलं. आणि भट्टीत वाफ सोडलीय.” मला त्यांचं म्हणणं पटतं. पाण्याचा वाटा असेलही, पण सावकाश आंबवलेलं पीठ आणि भाजायच्या सुरुवातीला मिळालेली वाफ, यांनीच असं कवच येतं. वाफेनं वरचा थर काही वेळ ओला राहतो, पाव पुरता फुगतो आणि मग साल पातळ, कडक होते. असा पाव मांसाचा रस पितो, पण फाटत नाही. या शहराचं सँडविच टिकलंय ते या गुणावर.

दुसरं नाव होगीचं. ते गार असतं : प्रोव्होलोन चीज, दोन-तीन तऱ्हेचं खारवलेलं डुकराचं मांस, बारीक चिरलेलं लेट्यूस, कांदा, टोमॅटो, वरून तेल आणि ओरेगानो. १९९२ साली महापौर एड रेंडेल यांनी होगीला शहराचं अधिकृत सँडविच जाहीर केलं. नावाच्या कथा अनेक. मला आवडणारी हॉग आयलंडची. पहिल्या महायुद्धात तिथे जहाजबांधणीचा प्रचंड कारखाना उभा राहिला, पन्नास जहाजं एका वेळी बांधता येतील इतका मोठा. तिथले इटालियन कामगार जे डब्यात न्यायचे त्याला लोक ‘हॉगी’ म्हणू लागले, असं ही कथा सांगते. पुढे या शहरात जो आला त्यानं आपलं जेवण याच पावात भरलं. वॉशिंग्टन अव्हेन्यूवर व्हिएतनामी दुकानांत बान्ह मी मिळतं, तर त्यालाही लोक ‘व्हिएतनामी होगी’ म्हणतात.

शेवटी मी तिसरं, रोस्ट पोर्कचं म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच ठरवलं, आणि ते शेजारच्या आजींमुळे.

साउथ फिलाडेल्फियातली घरं एकमेकींना चिकटून ओळीनं उभी असतात, दारापुढे तीन पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बसून आजींनी मला हे शहर शिकवलं. त्यांचे वडील इटलीतून आलेले. मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा डेलावेअर नदीच्या बाजूला, स्नायडर अव्हेन्यूच्या टोकाला जॉन्स रोस्ट पोर्कमध्ये नेलं. रेल्वे रूळ, गोदामं, ट्रक, आणि त्यांच्या मधोमध एक बुटकी खोली, बाहेर बाकं. १९३० पासूनचं दुकान. २००६ साली जेम्स बिअर्ड फाउंडेशननं त्याला ‘अमेरिकाज क्लासिक्स’ पुरस्कारानं गौरवलं, पण रांगेत कामाचे बूट घातलेलेच लोक जास्त होते. मी मागायला तोंड उघडणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, “पोरी, भाजी घालायला सांग. भाजीशिवाय ते अर्धंच.”

तर शेवटच्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही दोघी तिथेच गेलो.

हे सँडविच नीट सांगायला हवं. डुकराच्या खांद्याचं मांस लसूण-मसाला लावून सावकाश भाजतात, मग पातळ कापून त्याच्याच रसात ठेवतात. पाव उघडायचा, त्यात तीव्र वासाचं, जुनं प्रोव्होलोन आधी घालायचं, वर गरम मांस, म्हणजे चीज नुसतं मऊ होतं, वितळून वाहत नाही. वर पालेभाजी. जॉन्समध्ये लसणीत परतलेला पालक घालतात. शहरात इतर ठिकाणी ब्रोकोली राब असतं. नाव ब्रोकोलीचं, पण ही पालेभाजी सलगमाच्या कुळातली, आणि चवीला आपल्या मोहरीच्या पाल्याच्या जवळची, कडवट. मांसाचा स्निग्धपणा, चीजचा खारट झोंबरेपणा आणि मग भाजी, अशा क्रमानं चव येते. लग्नात आणि नाताळात डुकराचं मांस शिजणाऱ्या घरातली मी. मला ती चव परकी वाटली नाही. फक्त आमच्याकडे ती व्हिनेगर आणि मिरचीतून येते, इथे लसूण आणि रसातून.

आजींनी आपलं सँडविच नेहमीप्रमाणे मधोमध कापून घेतलं. अर्धं खाल्लं, अर्धं कागदात परत गुंडाळलं, कागदाच्या कडा दोनदा दुमडल्या. रस खाली साचून पाव तिथे ओला झाला होता, पण तुटला नव्हता. तीळ बाकावर सांडले होते ते त्यांनी बोटानं टिपून खाल्ले. आम्ही फारसं बोललो नाही. कागदातलं अर्धं त्यांनी माझ्या पिशवीत ठेवलं.

याच शहरात माझ्या कितीतरी आधी आनंदीबाई जोशी राहून गेल्या होत्या. त्यांनी १८८६ मध्ये इथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरकी पुरी केली, साडीत आणि शाकाहार सांभाळून. रात्रपाळीत डबा उघडताना मला त्यांची अनेकदा आठवण यायची. थंडीत, परक्या देशात, पोटात काय जातं यावर माणूस किती तग धरतो, हे परिचारिकेला रोज दिसतं. मला या शहरानं पाव दिला. आनंदीबाईंच्या नशिबी ते सुख नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

फिलाडेल्फियाचा विमानतळ हॉग आयलंडच्या त्या जुन्या जागेवरही पसरलेला आहे. उरलेलं अर्धं सँडविच मी तिथे, निघण्याच्या दारापाशी बसून खाल्लं. ते गार झालं होतं, कवच मऊ पडलं होतं, तरी पाव शाबूत होता.

तुमच्यापैकी कुणाची मुलगी, भाऊ, पुतण्या तिकडे असेल आणि परत यायला निघाला असेल, तर त्याला एवढं सांगा : पॅट्स आणि जीनोजचे दिवे एकदा जरूर बघ, पण निघायच्या दिवशी सकाळी पोर्क खा, भाजी घालून. आणि दुपारची वाट बघू नकोस. त्या शहरातली कितीतरी चांगली दुकानं पाव संपला की त्या दिवसापुरती बंद होतात.